सूर्याला भाता लागत नाही

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

उंच डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. तिथली थंडी हाडं गोठवणारी. पण गावात एक रीत होती. घरात विस्तव न्यायचा, तर आधी भिंतीतला झरोका उघडायचा आणि म्हणायचं, "वाऱ्या, आधी तू ये." का म्हणायचं, ते कुणी विचारत नसे.

त्या गावात एक लोहार राहायचा. बायको देवाघरी गेलेली. घरात तो आणि त्याची लेक. बाप घण मारी, लेक भाता ओढी. भाता ओढून ओढून पोरीच्या कोवळ्या हातांना घट्टे पडले होते. ती कधी कुरकुरली नाही, पण ते घट्टे पाहून लोहाराचा जीव तीळतीळ तुटे.

एका संध्याकाळी तो डोंगरावर चढला. सूर्य मावळतीला टेकला होता.

"देवा," लोहाराने हात जोडून विचारलं, "एवढी मोठी तुझी भट्टी! तिचा भाता कोण रे ओढतं?"

सूर्य हसला. "मला भाता नाही बाबा, आणि वाराही लागत नाही. माझा भारच एवढा, की मी माझ्याच पोटात दाबला जातो. त्या दाबाने आतले कण एकमेकांत मिसळतात आणि हे तेज निघतं. हे तुमच्यासारखं जळणं नव्हेच. तुझी आग मात्र..."

पण लोहार थांबलाय कुठे! "वारा लागत नाही" एवढं कानी पडलं आणि स्वारी डोंगर उतरायला लागलीसुद्धा. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात, ते हेच.

पुढे थंडी वाढली आणि लेकीला ताप भरला. ती घोंगडीखाली कुडकुडत होती. त्या दिवशी लोहाराला विळे-कोयते घेऊन बाजाराला जाणं भाग होतं. त्याने घमेलंभर निखारे आणून तिच्या उशाशी ठेवले. झरोक्यातून बोचरा वारा आत आला तशी ती शहारली. लोहाराने चिखल कालवला आणि झरोका लिंपायला घेतला.

शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, "अरे, वाडवडिलांची रीत आहे. बुजवू नको रे."

"आजी, खुद्द सूर्याला वारा लागत नाही. या घमेल्याला कशाला हवा?"

म्हातारी मान हलवत निघून गेली.

"बाबा," लेकीने अंथरुणातूनच विचारलं, "वाऱ्याला बोलावलंत का?"

"आज नको गं बोलवायला. तू छान ऊब घे. मी आलोच."

त्याने दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि तो गेला.

दिवस कलताना लोहार परतला. लेकीसाठी गुळाचा खडा आणला होता. त्याने दार उघडलं. निखारे अर्धवट जळून काळे पडले होते. लेक घोंगडीत शांत निजली होती. त्याने हाक मारली, हलवलं, छातीशी धरलं. ती उठली नाही.

लोहाराने टाहो फोडला आणि झरोक्याचा चिखल नखांनी ओरबाडून काढला. मावळतं ऊन आत आलं आणि पोरीच्या तळहातावरच्या घट्ट्यांवर पडलं.

"मी दिवसभर हा झरोका शोधत होतो," सूर्य जड आवाजात म्हणाला. "तुझी आग वारा खाऊन जगते. तुझी लेकही त्याच वाऱ्यावर जगत होती. ताट एकच होतं बाबा, आणि तू ते झाकून गेलास."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"सांगतच होतो. तू उठून गेलास."

लोहार पुढे खूप वर्षं जगला. एका हाताने भाता ओढी, दुसऱ्याने घण मारी. थंडीत कुणाच्याही घरी विस्तव निघाला, की हा आधी तिथे हजर. स्वतः झरोका उघडून म्हणे, "वाऱ्या, आधी तू ये." आणि मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "बोलावलं गं बाळा, बोलावलं."

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: अर्धं ऐकून उठतो, तो पुरतं गमावतो.