हात जोडून आलेली नवरी

चिंगे, पाय आत घे, मगच सुरू करते. तर डोंगराच्या पोटाशी होती एक बुरुडांची वस्ती. तिथं भिवरा नावाची बाई आणि तिचा धाकटा भाऊ म्हाळू राहायचे. बांबू तोडायचे, सुपं विणायची, बाजारात विकायची. आईबाप कधीच गेलेले. भिवरानंच भावाला कडेवर घेऊन वाढवलेलं. त्याच्याशिवाय तिला जगात कुणी नव्हतं, बरं का.

त्या वस्तीची एक रीत होती. जो हात जोडून दारात उभा राहील, त्याला नाव-गाव विचारायचं नाही. देवाचं माणूस म्हणायचं आणि घरात घ्यायचं. मग एकदा काय झालं, श्रावणात त्यांच्या दारात एक पोरगी आली. हिरवीगार. लांब मान, तिकोनी तोंड, मोठाले डोळे. हात छातीशी जोडलेले. बोलेना की बसेना, नुसती डुलत उभी. म्हाळू म्हणाला, "अक्का, किती भाविक आहे गं!"

झालं. घेतली घरात. हात जोडले म्हणजे नमस्कारच असतो, असं कुणी सांगितलं होतं यांना?

मग आठ दिवसांनी पोरीनं कात टाकली. मागच्या बांबूला उलटी लोंबकळली, पाठ उकलली आणि आतून वीतभर उंच होऊन निघाली. त्या दिवशी घरातले उंदीर संपले. मग पुन्हा कात टाकली, तेव्हा कोंबड्या संपल्या. मग तिसऱ्यांदा टाकली आणि पाठीवर लांब पंख आले. त्या दिवशी कुत्रा दिसेना. भिवरानं तिचे हात नीट पाहिले. आतल्या बाजूनं करवतीसारखे दात होते.

"म्हाळू, हिला घालव. कुत्र्याहून मोठं आता या घरात कोण उरलंय?"

"अक्का, मी तिच्याशी लगीन करणार."

"अरे, खाईल ती तुला!"

"तू मला कुणाचं होऊच देणार नाहीस," म्हाळू म्हणाला.

ते तिच्या फार जिव्हारी लागलं. ती गप्प बसली. बसायला नको होतं, पण बसली.

मग लग्न झालं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी नवरानवरी बांबूच्या बेटात गेली. भिवराला राहवेना. ती कोयता घेऊन मागं धावली. पाहते तर नवरीनं म्हाळूला मिठीत घट्ट धरलेलं, आणि म्हाळूला डोकं नव्हतं. ओरडलासुद्धा नव्हता बिचारा. नवरीनं नुसती मान पाठीकडे वळवली, भिवराकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली.

रडायचं असेल त्यानं आत्ताच रडून घ्यावं. मी गोड करून सांगणार नाही.

भिवरानं कोयता उगारला, तशी नवरी उडाली. एका बांबूवर तिनं फेसाचं घरटं केलं, त्यात अंडी घातली. फेस वाळून टणक झाला. मग नवरी सुकत गेली, एक दिवस खाली पडली आणि मुंग्यांनी ओढून नेली. भिवरा चूड पेटवून घरटं जाळायला आली. पण आत म्हाळूची पोरं होती. तिनं चूड मातीत विझवली.

मग उन्हाळा सरताना घरटं फुटलं. मुंगीएवढी शंभर पोरं धाग्यांना लोंबकळत बाहेर आली. अंग वाळतंय न वाळतंय तोच एकानं दुसऱ्याला धरलं आणि खाल्लं. मग आणखी एकानं, मग आणखी एकानं.

"अरे, सख्खी भावंडं आहात रे!" भिवरा ओरडली. कोण ऐकतंय!

मग तिनं एकेकाला बोटावर घेतलं आणि दूर नेऊन सोडलं. एक करवंदीवर, एक निरगुडीवर, एक घाणेरीवर. दिवसभर धावली. सदतीस वाचली. शेवटचं तळहातावर होतं. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, अगदी म्हाळूसारखं. तिला वाटलं, हे तरी घरी न्यावं. मग तिनं त्यालाही एका झुडपावर ठेवलं आणि मागं न बघता निघाली.

ती पोरं जगली, मोठी झाली. पण एकेकटी. भिवराही जगली, एकटीच.

तुम्ही मात्र एकमेकांना बिलगून झोपा बघू. चिंगे, तुझ्या भावावर पांघरूण घाल.