दारावरची टोपली

फार फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी राजाला गावाचं नाव ठाऊक नसे आणि गावाला राजाचं, आणि त्यावाचून दोघांचंही काही अडत नसे. लहानांनी ती कान देऊन ऐकावी. मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखं दाखवून ऐकली तरी चालेल.

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या वळणावर एक गाव होतं. एका उन्हाळ्यात तिथं असं वादळ झालं की एकाही घरावर छप्पर राहिलं नाही. तेव्हा गावकऱ्यांनी मिळून एकमेकांची घरं शाकारली. आज तुझं, उद्या माझं. काम संपलं तेव्हा सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. "इतकं छान जमलंय, तर थांबायचं कशाला?" असं म्हणून त्यांनी हातभार मंडळ काढलं. दर आठवड्याला बाजार उठला की मंडळ चावडीपाशी जमे आणि ज्याला गरज असेल त्याच्या घरी जाऊन काम करून येई.

पण गरज कुणाला आहे हे कळायचं कसं? त्यासाठी गावच्या सटवाजी बुरुडाने बांबूची एक टोपली विणली. ती चावडीवर ठेवलेली असे. ज्याला मदत हवी त्याने ती न्यायची आणि आपल्या दारावरच्या खुंटीला अडकवायची. टोपली दिसली की मंडळ त्या घरात शिरायचं.

काही वर्षं हे बेस चाललं. विहिरी उपसून झाल्या, बांध घालून झाले, म्हाताऱ्यांच्या भिंती लिंपून झाल्या. आणि मग एका बाजाराच्या दिवशी टोपली चावडीवरच पडून राहिली. कुणाला खरंच गरज नव्हती, की चारचौघांत टोपली उचलायची लाज वाटली, देव जाणे. मंडळ मात्र नुसतंच एकमेकांची तोंडं बघत उभं राहिलं.

मंडळाचे कारभारी होते गावचे तेली. माणूस भला, आवाज मोठा, आणि खांद्यावरचा पंचा बघावा तेव्हा ओला. तो ओला का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. "एक खाडा पडला की दुसरा पडतो," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "आणि मग मंडळ मोडतं. आपण असं करू. पाळी लावू. दर आठवड्याला एक घर गरजू!"

सगळ्यांना हे एकदम पटलं. काम पुरं झाल्याशिवाय टोपली त्या घरातून हलवायची नाही, असा नियमही झाला. कारभाऱ्यांचं घर तेवढं पाळीतून वगळलं. मदत करणाऱ्यांच्या म्होरक्यालाच मदत कशी करायची?

अशी टोपली घरोघर फिरू लागली, आणि फिरत फिरत ती सटवाजीच्या दारावर आली.

सटवाजी स्वभावाने सरळ, पण डोक्याने सदा गोंधळलेला. आपण विणलेली टोपली आपल्याच खुंटीवर बघून तो बावरून गेला. त्याने घरात फेरी मारली. छप्पर धड होतं. रांजण भरलेला होता. कणगीत धान्य होतं.

"हौसा," त्याने बायकोला विचारलं, "आपल्याला काय कमी आहे गं?"

"अक्कल," हौसा म्हणाली. "पण ती मंडळाला देता यायची न्हाई."

सटवाजी लोहाराकडे गेला. लोहाराची पाळी नुकतीच झाली होती. "तुझ्याकडे काय केलं रे मंडळानं?"

"अंगण झाडलं. आदल्या दिवशी मीच भट्टीची सगळी राख अंगणात पसरून ठेवली होती," लोहार खालच्या आवाजात म्हणाला. "मग काय करणार? लोक एवढे हौसेनं येतात, त्यांना हात हलवत कसं पाठवायचं?"

वाण्याने तर चांगली तुरीची डाळ तांदळात मिसळून ठेवली होती. मंडळाने ती दिवस मावळेपर्यंत निवडली आणि वाण्याने सगळ्यांचे आभार मानले. सटवाजी घरी परतला तो आणखीच गोंधळून. गावात गरज नाही म्हणून ती करावी लागते, की गरज करावी लागते म्हणून ती नाही? त्याने डोकं खाजवलं, पण आतून उत्तर काही आलं नाही.

शेवटी बाजाराच्या दिवशी दुपारी त्याने विळी घेतली आणि आपल्या बाजेचा सुंभ कापून टाकला.

"अगं आई गं!" हौसा किंचाळली. "चांगल्या बाजेचं वाटोळं केलंत!"

"मंडळ विणून देईल की."

"मंडळ विणणार, आणि मी त्यांच्यासाठी थालीपिठं थापणार! ही कसली म्हणायची मदत?"

सटवाजीला हेही कळेना. तो मंडळाची वाट बघायला परसदारी गेला, आणि तिथून त्याला शेजारची ठकूबाई कुंभारीण दिसली.

ठकूबाई पळत होती. ओढ्याच्या काठाशी लाकडं रचलेली होती. तिथून मोळी डोक्यावर घेऊन ती भट्टीपाशी येई, भट्टीच्या तोंडात लाकडं सारी, आणि पुन्हा ओढ्याकडे धावे. ती परत येईपर्यंत भट्टीचा जाळ खाली बसलेला असे. तिचा पदर घामाने चिंब झाला होता.

"वहिनी, हे काय? एकट्याच? आणि दादा कुठंय?"

"आत पडलेत. सकाळी भट्टी पेटवली आन् पहिलीच मोळी उचलताना कमरेत उसण भरली. कूसबी वळवता येत न्हाई." ठकूबाई थांबली नाही, चालता चालताच बोलत राहिली. "पेटलेली भट्टी इझवता येती का, भावजी? जाळ पडला तर आतलं समदं तडकंल. सहा महिन्यांची मडकी हायेत. ती गेली तर हे गाव सोडून मजुरीला जायचं, दुसरं काय?"

"मग मंडळाला सांगा ना! आज बाजाराचाच दिवस आहे."

"टोपली तुमच्या दारावर हाय. माझी पाळी चैत्रात झाली." ती कसनुसं हसली. "तवा काय काम न्हवतं, म्हणून शेंगा फोडून घेतल्या मी त्यांच्याकडनं. आता कोणत्या तोंडानं बोलवू? एकदा जेवून उठल्यावर पुन्यांदा पंगतीत बसतं का कुणी?"

सटवाजीने धावत जाऊन एक मोळी आणून दिली. तेवढ्यात त्याला आठवलं, मंडळ दारात आलं आणि यजमानच घरात नसला तर केवढा अपमान! तो घराकडे पळाला. दारात कुणी नव्हतं. तो पुन्हा ओढ्याकडे पळाला आणि त्याने दुसरी मोळी उचलली. भट्टीच्या अर्ध्या वाटेत त्याला मंडळाच्या गाण्याचा आवाज आला, म्हणून तो मोळीसकट घराकडे वळला. मंडळ आलं तेव्हा सटवाजी डोक्यावर लाकडं घेऊन स्वतःच्याच दारात उभा होता, आणि आपण इथं आहोत की तिथं, हे त्याला धड सांगता आलं नसतं.

"काय सटवाजी, आज आमच्यासाठी मोठी चूल पेटवणार वाटतं!" कारभारी हसून म्हणाले. त्यांच्या पंच्याची टोकं टपटप गळत होती.

"कारभारी, आधी शेजारी चला. ठकूवहिनींची भट्टी विझत चाललीय. दादा अंथरुणात आहेत."

मंडळ थबकलं. सगळ्यांनी शेजारच्या घराकडे बघितलं, मग खुंटीकडे.

"टोपली तर इथं आहे," लोहार म्हणाला.

"म्हणजे गरज इथं आहे," वाणी म्हणाला.

"पण भट्टी तिथं आहे!" सटवाजी म्हणाला.

"मग टोपली तिकडे नेऊ या का?"

"काम पुरं झाल्याशिवाय टोपली हलत नाही," कारभारी घाम पुसत म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण नियम त्यांनीच केलेला. "असं करू या. बाज झटपट विणून टाकू. ती झाली की टोपली मोकळी, आणि आपणही मोकळे!"

हे सगळ्यांना फार शहाणपणाचं वाटलं. सगळं मंडळ त्या एका बाजेवर तुटून पडलं. एकाने सुंभ इकडून ओवला, दुसऱ्याने तिकडून ओढला. वाण्याचं बोट गाठीत अडकलं. लोहाराने ते सोडवायला ताण दिला तर बाजेचा गातच, म्हणजे बाजूचा दांडाच, मोडला. "सोडा!" "धरा!" "अहो, तो माझा हात आहे!" जितकी घाई, तितका गुंता. हौसा थालीपिठाचं पीठ हातात घेऊन बघत राहिली. हसावं की रडावं, तिला समजेना.

सटवाजी दारात उभा होता. कुंपणापलीकडे ठकूबाई पुन्हा एकदा ओढ्याकडे धावत होती. भट्टीच्या तोंडातला उजेड कमी कमी होत चालला होता. इकडे एवढे हात, सगळे चांगल्या माणसांचे, आणि सगळे एका बाजेत अडकलेले, ती बाजही त्याने स्वतःच कापलेली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि आश्चर्य असं, की लाज वाटताच त्याच्या डोक्यातला सगळा गोंधळ खाली बसला.

त्याने खुंटीवरची टोपली काढली.

"सटवाजी! टोपलीला हात लावू नकोस!" कारभारी ओरडले.

सटवाजी थांबला नाही. कुंपण ओलांडून तो थेट भट्टीपाशी गेला, आणि स्वतः विणलेली ती टोपली त्याने भट्टीच्या तोंडात घातली. वर्षानुवर्षं वाळलेला बांबू तो. भडकन पेटला. बसू लागलेला जाळ पुन्हा उभा राहिला.

"अरे, टोपली गेली! मंडळाची टोपली गेली!" बाज तिथंच टाकून सगळं मंडळ कुंपणावरून उड्या मारत धावत आलं. कुणाच्या मनगटात अजून सुंभ लोंबत होता. कारभाऱ्यांना तर रडूच फुटलं. "आता गरज कुठं आहे ते आपल्याला कसं कळणार रे?"

तेवढ्यात ठकूबाई मोळी घेऊन आली. भट्टीपाशी जमलेलं मंडळ बघून तिने मोळी खाली टाकली. मग तिची नजर भट्टीकडे गेली आणि ती ओरडली, "टोपलीचं मागनं बघा! आता लाकडं आना!"

मंडळाने इकडे तिकडे पाहिलं. जायला दुसरं घर उरलं नव्हतं, बघायला टोपली उरली नव्हती. समोर फक्त भट्टी होती. मग लोहार ओढ्याकडे धावला, त्याच्यामागे वाणी, आणि मग सगळेच. ओढ्यापासून भट्टीपर्यंत माणसांची रांग लागली आणि मोळ्या हातोहात येऊ लागल्या. हौसाने थालीपिठं तिथंच, भट्टीशेजारी तीन दगड मांडून भाजली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिची कुरकुर कुणाला ऐकू आली नाही.

भट्टी उघडली तेव्हा दोन रांजण तेवढे तडकलेले निघाले. बाकीची मडकी टणटण वाजत होती. ठकूबाईने एकेका मडक्यावर टिचकी मारून पाहिली, आणि मग तिथंच खाली बसून ती मनसोक्त रडली. तिला गाव सोडावं लागलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मंडळ चावडीपाशी जमलं खरं, पण टोपली नव्हती. कुठं जायचं, कुणालाच कळेना.

"सटवाजी, दुसरी टोपली विणतोस का?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"नको," सटवाजी म्हणाला. "विचारूनच बघू या की."

"कुणाला?"

"मला तरी काय माहीत? दिसेल त्याला."

मग ते दारोदार विचारत निघाले. सुरुवातीला सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. एका म्हातारीने काही नको म्हणून सांगितलं, पण विचारलंत म्हणून बसवून घेतलं आणि गूळ दिला. एका घरी घरधन्याने आधी सगळ्यांना पाणी दिलं, आणि मग तो हळूच म्हणाला, "बैलाच्या खुराला जखम झालीय, बघता का कुणी?" लोहार लगेच आत गेला.

सगळी घरं झाली. परतताना कारभाऱ्यांचं घर लागलं. मंडळ सवयीने पुढे निघालं. सटवाजी मात्र थांबला. गोंधळलेल्या माणसाला कुठली घरं वगळायची हे लक्षात राहत नाही, हे एक बरं असतं.

"कारभारी, तुमचं काय? तुमचा पंचा नेहमी ओला का असतो?"

"मला काय धाड भरलीय!" कारभारी मोठ्या आवाजात म्हणाले. आणि मग तो मोठा आवाज एकाएकी बारीक झाला. "कारभारणीचे हातपाय धरलेत रे. वर्ष झालं, तिला उठवत नाही. पाणी मीच भरतो. उजाडायच्या आत एक खेप, आणि सगळे कामात नाहीतर बाजारात गुंतले की दुसरी. घागर खांद्यावर हिंदकळते." त्यांनी पंच्याने डोळे पुसले. पंचा ओलाच होता, त्यामुळे काही फरक पडला नाही.

मंडळाबरोबर आलेली ठकूबाई आपल्या घरी गेली, आणि भट्टीतून निघालेली सगळ्यात मोठी घागर काखेत घेऊन पाणवठ्याकडे चालू लागली. तिच्यामागे हौसा निघाली, आणि हौसामागे मंडळातल्या साऱ्या बाया.

त्या गावात पुन्हा कुणी टोपली विणली नाही. मंडळ मात्र पुढे कितीतरी पिढ्या चाललं.

म्हणून लक्षात ठेवा: गरज पाळीने येत नाही, तेव्हा मदतीला निघणाऱ्याने आधी दार वाजवून विचारावं.