मुक्या बाजाराचे मोती

एका राज्यात बाजार भरत असे, पण बाजाराचा आवाज येत नसे. माळणी बसत, कासार बसत, तेली-तांबोळी पाल ठोकून बसत. घेणारा बोटे दाखवी, देणारा मान हलवी. घासाघीस नाही, हाळी नाही, भांडण नाही. परमुलखातला वाटसरू त्या पेठेत शिरला की त्याच्या अंगावर काटा येई, आणि तो पाणीही न पिता पुढची वाट धरी.

त्या राज्याचा राजा शंखपाल. एका दुष्काळी साली त्याच्या महालापुढे लोकांची रीघ लागली. कोणी म्हणे धान्य महाग, कोणी म्हणे पट्टी जड, कोणी म्हणे घाटाचा रस्ता खचला. दिवसामागून दिवस गेले, रीघ सरेना. राजाला अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. तेव्हा त्रिजट नावाचा मांत्रिक पुढे झाला.

"महाराज, हे आवाज हवेत की नकोत?"

"नकोत."

"तीनदा म्हणा."

राजा तीनदा म्हणाला, आणि मंत्र बांधला गेला.

तेव्हापासून घरोघरी वळचणीला एकेक साळुंकी येऊन बसली. माणसाने आपले दुःख तोंडातून काढले की बोलून होताच त्याचा आवाज घशात गोठे. ठसका लागे आणि तळहातावर एक मोती पडे. साळुंकी तो चोचीत धरून महालाकडे उडे. तो माणूस पुन्हा बोलत नसे. महालाच्या चौकात दगडी हौद होता, तो मोत्यांनी भरत चालला. राजा रोज सकाळी हौद पाही आणि म्हणे, "राज्य भरभराटीला आले." दर मोत्यामागे त्रिजटाच्या दाढीतला एक पांढरा केस काळा होई. ते मात्र राजा पाहत नसे.

त्या दरबारी धारोजी नावाचा चोपदार होता. त्याने ललकारी दिली की वेशीवरचे पारवे उडत. रोज सकाळी चांदीची काठी आपटून तो पुकारी, "महाराजांच्या राज्यात सर्वत्र कुशल आहे." असा गडगडणारा माणूस घरी मात्र कुजबुजे. दाराला कडी लावी, खिडकीला फडके लावी, आणि बायकोला बजावी, "रंभाई, पोटात ठेव. ओठावर आणू नकोस."

रंभाईचा स्वभाव बोलका. तरी तिने पुष्कळ दिवस पोटात ठेवले. मग एका दुपारी ती बाजारातून रिकाम्या टोपलीने आली, उंबऱ्यावर बसली आणि तिच्या तोंडून निघून गेले, "अहो, चिमूटभर मिठाला पायलीभर ज्वारी मागतात. असं किती दिवस रेटायचं?"

धारोजीने धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. ठसका लागला आणि मोती त्याच्याच तळहातात पडला. कोमट होता, जिवंत असल्यासारखा. त्याने मूठ मिटली. साळुंकी वळचणीवरून उतरली, त्याच्या मनगटावर बसली आणि बोटांच्या पेरांवर चोच मारू लागली. रक्त आले. धारोजीने दारातून रस्त्याकडे पाहिले. कोणी पाहते आहे का, त्रिजटाला कळेल का, एवढेच त्याच्या मनात आले. त्याने मूठ उघडली.

रंभाई ते पाहत होती. ती काही म्हणाली नाही. म्हणूच शकत नव्हती.

दुसऱ्या सकाळी त्याने ललकारी दिली तेव्हा आवाज मध्येच चिरकला. त्रिजटाने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. तिन्हीसांजेला धारोजी नदीकाठच्या जुन्या चिंचेखाली जाऊन बसला आणि तोंडात पागोट्याचे टोक कोंबून रडला.

चिंचेवर एक पिंगळा होता. तो म्हणाला, "चोपदारा, रडू नको. रडणे म्हणजेही सांगणेच."

धारोजीने डोळे पुसले. "पक्षिराज, यावर उपाय आहे?"

"आहे. स्वतःचे दुःख सांगणाऱ्याच्या गळ्यावर मंत्र चालतो. दुसऱ्याचे सांगणाऱ्यावर चालत नाही. या राज्यात ते कोणी करून पाहिले नाही. तीन माणसांकडे जा. त्यांचे दुःख माग. चोरून ऐकायचे नाही, त्यांनी आपखुशीने दिले पाहिजे. मग ते राजापुढे सांग. राजा तीनदा 'नकोत' म्हणाला होता. तो तीनदा 'सांग' म्हणाला की मंत्र सुटेल."

"आणि ते तिघे?"

"मुके होतील. मंत्र सुटला तर बोलतील. नाही सुटला तर तू त्यांचा अपराधी."

धारोजीने विचारले, "माझी चूक होण्याची जागा कोणती?"

"त्यात आपले एक अक्षर मिसळलेस तर तुझा गळा जाईल. आणि तिथे एक अक्षर खोटे बोललास तर त्या तिघांचे दुःखही खोटे ठरेल." एवढे बोलून पिंगळा उडाला.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. त्या दिवशी दरबार भरत नसे. धारोजी उजाडताच नदी ओलांडायच्या उतारावर गेला. तिथे बुधाजी नावाडी नावेत बसून दोर वळत होता.

"बुधाजी, राज्याची हालहवाल कशी आहे?"

दोर वळणारे हात थांबले. बुधाजीने नावेच्या टोकावर बसलेल्या साळुंकीकडे पाहिले. "कुशल आहे."

"मला खरे हवे आहे. मी ते राजापुढे नेणार."

"तुम्ही चोपदार. मी बोलून मुका होणार, आणि तुम्ही उद्या पुन्हा कुशल पुकारणार."

"नाही पुकारणार."

"कशावरून?"

धारोजीने चांदीची काठी नावेत ठेवली. काठीवाचून दरबारात उभ्या राहणाऱ्या चोपदाराला चाबकाचे फटके बसतात, हे सगळ्या राज्याला ठाऊक होते. बुधाजीने ती काठी जवळ ओढून घेतली.

मग तो म्हणाला, "उताराचा मक्ता राजाच्या मेव्हण्याला दिला. पैसे नसतील त्याला पलीकडे न्यायचे नाही, असा हुकूम झाला. माझी सून अडली. सुईण पैलतीराला उभी. तिच्याजवळ पैसे नव्हते, आणि मक्तेदाराच्या शिपायाने माझी नाव साखळीने बांधून ठेवली होती. सुईण तिकडून हात हलवत राहिली. सून इकडे गेली. पोरही गेले."

ठसका लागला. साळुंकी उडाली. बुधाजीने पुन्हा दोर हातात घेतला.

तिथून धारोजी कोष्टीआळीत गेला. पूर्वी तिथे सबंध आळी खटखट वाजत असे. आता एका घरासमोरून पुढच्या घराकडे जाताना त्याला स्वतःचीच वहाण ऐकू येत होती. त्याला पाहताच दारे लागत गेली. राजाचा माणूस दिसला की लोक मुलांना आत ओढत. शेवटच्या घराचे दार उघडे राहिले, कारण घरातल्या बाईचा हात पाळण्याच्या दोरीत गुंतला होता. तिचे नाव राही.

धारोजीने दाराबाहेरूनच मागणे सांगितले. पिंगळ्याने सांगितलेले सगळे सांगितले, धोक्यासकट. राहीने मध्ये एकदाही मान हलवली नाही.

"मंत्र सुटला नाही तर?" तिने विचारले.

"तर तुझा आवाज गेला."

"थांबा. आधी पोराला निजवते."

ती अंगाई म्हणू लागली. धारोजी उन्हात उभा राहिला. पोर केव्हाच निजले, तरी ती थांबेना. तिने येत होत्या तेवढ्या सगळ्या ओव्या म्हटल्या, आणि मग दोरी सोडून दारात आली.

"मागावर पट्टी बसली. चालो न चालो, घरात माग आहे म्हणून पट्टी. लोकांनी माग मोडून चुलीत घातले. आमचाही घातला. नवरा परमुलखात पोट भरायला गेला, तो जिवंत आहे की नाही मला माहीत नाही. आळीत नऊवारी विणणारे हात होते, ते आता शेण्या थापतात."

मोती पडला तेव्हा तिने पाळण्याकडे पाहिले. धारोजीला तिथे उभे राहवेना. तो पाठ न फिरवता, मागे मागे सरकत आळीबाहेर आला.

तिसरा माणूस राजाच्या कोठाराचा राखणदार, केसो. तो धारोजीचा जुना सोबती. त्याने मागणे ऐकले, किल्ली फिरवली आणि कोठाराचे दार लोटले. आत अंधार होता आणि पाखरांच्या विष्ठेचा उग्र दर्प. कणगीमागून कणगी रिकामी.

"दाखवून भागणार नाही, केसो. सांगावे लागेल."

"सांगितले तर मान जाईल."

"माझीही जाईल."

केसो भिंतीला टेकला. "त्रिजटाच्या साळुंक्या राजाचे धान्य खातात. घरागणिक एक साळुंकी, आणि खाऊन तिचे पोट भरत नाही. पुढचा पाऊस चुकला तर माणसे मरतील, आणि मरताना कोणी हाकही मारणार नाही. किल्ली माझ्या कमरेला आहे, म्हणून मला झोप नाही." बोलून झाल्यावर त्याने मोती स्वतःच साळुंकीपुढे धरला. ओझे उतरलेल्या माणसासारखा तो कोठाराच्या पायरीवर बसून राहिला.

दुसऱ्या सकाळी दरबार भरला. राजा सिंहासनावर, त्रिजट उजव्या हाताला, साळुंक्या झुंबरांवर. सगळे ललकारीची वाट पाहत होते. धारोजी रिकाम्या हाताने पुढे आला.

"काठी कुठे आहे?" राजाने विचारले.

"बुधाजी नावाड्याच्या नावेत, महाराज. त्याच्या दुःखाला ती तारण ठेवली आहे."

साळुंक्यांनी माना वाकड्या केल्या. धारोजीने बुधाजीचे दुःख सांगितले, जसे मिळाले तसे. ठसका लागला नाही. त्रिजटाने शिपायांना खूण केली, पण राजाने हात वर केला. त्याच्या कानावर माणसाचे खरे बोलणे किती वर्षांनी पडत होते.

"आणखी आहे? सांग," राजा म्हणाला.

झुंबरावरची एक साळुंकी राख होऊन खाली पडली.

धारोजीने राहीचे दुःख सांगितले. राजाचा चेहरा उतरला. त्याच्या अंगावरचा शेला त्याच आळीत विणलेला होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "सांग."

झुंबरे रिकामी होऊ लागली. तेव्हा त्रिजट गोड आवाजात म्हणाला, "महाराज, हा लोकांच्या घरच्या गोष्टी सांगतो. याला त्याच्या घरचे विचारा. चोपदारा, तुझी बायको कशी आहे?"

धारोजी पेचात पडला. 'कुशल' म्हणावे तर बुधाजी खोटा, राही खोटी. खरे म्हणावे तर गळा गेला, आणि कोठाराची गोष्ट अजून पोटातच. गप्प राहावे तर तेही खोटेच. त्याने राजाकडे पाहिले. आपल्या पेरांवरच्या अजून न सुकलेल्या जखमांकडे पाहिले. आता भीती एवढी झाली होती की तिला पुढे वाढायला जागाच उरली नव्हती.

"माझी बायको मुकी झाली, महाराज. तिचा आवाज माझ्या मुठीत होता. मी भ्यालो आणि मूठ उघडली."

ठसका लागला. मोती जमिनीवर पडला, घरंगळत गेला आणि राजाच्या पायाशी थांबला. साळुंकी झेपावली, पण राजा आधी वाकला. त्याने मोती उचलला. तो कोमट होता. राजाने तो कानाशी नेला, आणि त्याला त्यात धारोजीचा आवाज ऐकू आला, रोज सकाळी ऐकत असे तोच, पण कोंडलेला, खोल विहिरीत पडलेल्या माणसासारखा.

राजाने उघड्या दारातून चौकातल्या हौदाकडे पाहिले. हौद काठोकाठ भरला होता.

"ही सगळी माणसे आहेत?" त्याने विचारले.

त्रिजट म्हणाला, "महाराज, विचार करा. हौद फुटला तर हे सगळे एकदम बोलतील. त्यांच्या मनात इतक्या वर्षांचा राग आहे. तो कोणावर पडेल?"

राजाचे ओठ पांढरे पडले. धारोजी मुकाट उभा होता. त्याला सांगायचे होते, आणि सांगता येत नव्हते. राजाने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाला, "मला भीती वाटते, चोपदारा. तरी सांग."

हौदातले मोती लाह्यांसारखे फुटू लागले. तडतड वाढत वाढत गेली, चौकातून गच्चीवर, गच्चीवरून पेठेत. त्रिजटाची दाढी पांढरी झाली, पांढऱ्याची पिवळी झाली, आणि त्याच्या जागी अंगरख्याखाली मूठभर भुसा उरला. धारोजीच्या घशात काहीतरी सुटले. त्याने पहिल्याप्रथम कोठाराची गोष्ट सांगितली, कारण केसो त्यासाठी थांबला होता.

तोवर महालाबाहेर गलका उठला. वेस दुमदुमली. लोक पळत येत होते.

"ते मला मारतील?" राजाने विचारले.

"ठाऊक नाही, महाराज."

राजाने मुकुट काढून सिंहासनावर ठेवला आणि तो स्वतः दरवाज्यापर्यंत चालत गेला. बाहेर माणसांचा समुद्र होता. कोणी जयजयकार केला नाही. कोणी म्हणाला मागाची पट्टी उठवा. दुसरा म्हणाला, मग घाटाचा रस्ता कशाने बांधणार? एक बाई म्हणाली उताराला पैसा घेऊ नका. नावाडी तिच्यावर उलटले, की आम्ही खायचे काय. एका म्हाताऱ्याने राजाला तोंडावर शिव्या दिल्या, आणि शिव्या संपल्यावर तो रडू लागला. रंभाई गर्दीत होती. ती शेजारणीला हातवारे करून मोठ्याने काहीतरी सांगत होती आणि थांबत नव्हती. धारोजी तिच्यापर्यंत गेला. तिने त्याच्या हाताची पेरे पाहिली, पदराने पुसली, आणि त्याला बाजूला उभे करून सांगणे पुढे चालू ठेवले.

उतार मोकळा झाला, मागाची पट्टी उठली, परमुलखातून धान्य आणून कणग्या भरल्या. पण ते सगळे मागाहून, वादावादी करत. त्या दिवशी राजा फक्त पायरीवर बसून राहिला. ऊन डोक्यावर आले, कलले, सावल्या लांबल्या. एकाचे बोलणे संपले की तो पुढच्याकडे तोंड वळवी.

जशी त्या राज्याची कोंडी फुटली, तशी साऱ्यांची फुटो. सांगणाऱ्याला गळा मिळो, ऐकणाऱ्याला धीर मिळो.