भाकरीपाशी थांबणारी प्रार्थना

वेळूथडीच्या प्रार्थनामंदिरात प्रभूची प्रार्थना सुरू झाली की पाहुण्यांची पंचाईत होते. सगळी मंडळी एका सुरात म्हणत असते आणि 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या ओळीपाशी एकाएकी गप्प होते. पाळक गप्प, लेकरंही गप्प. पाहुणा आपल्या नादात पुढची ओळ म्हणून जातो आणि सगळ्या मंदिरात त्याचा एकट्याचाच आवाज घुमतो. कुणी हसत नाही, हे त्याचं नशीब. उपासना सुटल्यावर एखादे म्हातारे गृहस्थ त्याला मागच्या पानमळ्याच्या बांधावर नेतात आणि हनोख गोर्ड्याची हकिकत सांगतात.

मोठा दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती, असे सांगतात. वस्तीत तेव्हा आठच घरं होती, सगळी नव्यानं ख्रिस्ती झालेली, आणि आठही घरांची चूल मंडळीच्या या एका पानमळ्यावर पेटत असे. मळा हनोखच्या हाती होता. हनोख मोठा हुशार. वर्षात वाचायला शिकला, दुसऱ्या वर्षी ढीगभर स्तोत्रं तोंडपाठ केली, तिसऱ्या वर्षी मंडळीनं त्याला वडील, म्हणजे मंडळीचा कारभारी, नेमलं. बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्यांची परीक्षाही तोच घेई. माणूस वाईट नव्हता. पण आपण भराभर वाढलो याचं त्याला भारी कौतुक होतं, आणि दुसऱ्यानं सावकाश वाढावं हे त्याला मुळीच खपत नसे.

त्याच्या परीक्षेत ठकूबाई तीनदा नापास झाली होती. ठकूबाई म्हणजे दुष्काळात सगळं गमावून वस्तीला आलेली म्हातारी. हयात दुसऱ्यांच्या पानमळ्यांत राबण्यात गेलेली. हनोखहून दुप्पट वयाची, तरी त्याला हात जोडून 'वडील' म्हणायची. प्रार्थना म्हणताना ती भाकरीच्या ओळीपर्यंत नीट येई आणि तिथं अडे. हनोख थोडं थांबे, खाकरे, मग म्हणे, "पुढल्या वर्षी या, मावशी."

पानवेलीची रीत अशी की वर्षातून एकदा वेल शेवरीच्या झाडावरून खाली उतरवायचा. उघडं पडलेलं कांड वेटोळं करून मातीत गाडायचं आणि कोवळा शेंडा तेवढा वर ठेवून पुन्हा झाडाला बांधायचा. गाडलेल्या पेरापेराला मुळं फुटतात आणि वेल नवा होतो. मळा हाती आल्यावर पहिल्या वर्षी हनोखनं वेल उतरवले नाहीत. ते शेवरीच्या टोकाला पोचले होते, बघणाऱ्याची मान दुखत होती. ठकूबाईनं बांधावरून सांगून पाहिलं, "वडील, येल उतरवा. बुडखा उघडा पडलाय."

"देवानं चढवलेला वेल मी खाली ओढू?" हनोख म्हणाला. "तुम्ही आधी प्रार्थना पाठ करा."

दुसऱ्या उन्हाळ्यात झळा सुटल्या. वर पानं नखाएवढी निघू लागली, खाली कांडं काळी पडली, आणि आठवड्याभरात निम्मा मळा माना टाकून बसला. वस्तीतली माणसं बांधावर येऊन उभी राहत आणि परत जात. एक-दोघांनी तर गाव सोडायची गाठोडीही बांधली. हनोखनं उपवास धरला, तोंडपाठ असलेलं सगळं मोठ्यानं म्हटलं. शेवटी एका सकाळी तो ठकूबाईच्या खोपटापुढं जाऊन खाली मान घालून उभा राहिला.

"मावशी, माझं चुकलं. मळा वाचवा."

ठकूबाई उठली. खुरपं घेऊन निघाली. दोघांनी एकेक वेल हळू सोडवला, तान्ह्या लेकरासारखा हातांवर झेलून मातीत निजवला. दुपारी ती आपल्या भाकरीची अर्धी त्याच्यापुढं करी. नको म्हणायचं त्याला धाडस होत नसे. घास घेण्याआधी मात्र ती डोळे मिटून बराच वेळ बसे. एकदा त्यानं विचारलंच, "मावशी, एवढं काय म्हणता?"

"नावं घेते," ती म्हणाली. "दुष्काळात मला कुनी कुनी भाकर घातली, त्येंची. देव काय सोता खाली येऊन थापीत न्हाई; मानसांच्या हातानं देतो. भाकरीचा सबूद आला की समदी डोळ्यापुढं हुबी ऱ्हातात. त्येंची नावं सरेपतुर तुमी म्हनता, पुढल्या वर्साला या."

हनोखनं हातातला घास खाली ठेवला. तीन वर्षं आपण हिला नापास केलं, आणि आपल्याला कुणी जेवू घातलं हे एकदाही मनात आणलं नाही, याची त्याला फार लाज वाटली.

महिना गेला तरी नवी फूट काही दिसेना. हनोखनं राहवेना म्हणून एक वेल उकरून पाहिला, तेव्हा म्हातारीनं त्याला वडील-बिडील न म्हणता चांगलं फैलावर घेतलं. "पोटातलं लेकरू कुनी रोज उघडून बगतं का रे?" सांगतात की चाळिसाव्या दिवशी सगळ्या मळ्यात एकदम कोंब आले, उकरलेला तेवढा एक वेल आलाच नाही. बांधलेली गाठोडी सुटली.

पुढच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी हनोखनं सारं काही मंडळीपुढं कबूल केलं आणि ठकूबाईशेजारी सतरंजीवर जाऊन बसला. दोघांनी प्रार्थना धरली. भाकरीपाशी ती थांबली, तोही थांबला. त्यानं आईचं नाव घेतलं, दुष्काळात ताक देणाऱ्या गवळणीचं घेतलं, ठकूबाईचं घेतलं, आणि भर मंडळीत तो ढसाढसा रडला. मंडळी थांबून राहिली. मग पुढची ओळ सगळ्यांनी मिळून म्हटली आणि पाळकांनी म्हातारीच्या कपाळावर पाणी घातलं.

आजही वेळूथडीत बाप्तिस्म्याला येणाऱ्याला किती वचनं पाठ आहेत हे कुणी विचारत नाही. प्रार्थना मात्र भाकरीपाशी थांबते. लहान लेकरू मनात आईचं नाव घेतं आणि लगेच डोळे उघडून इकडंतिकडं बघतं. वय वाढतं तसे त्याचे डोळे उशिरा उघडू लागतात, आणि पोर वाढतंय हे वस्तीला त्यावरून कळतं. म्हाताऱ्यांची नावं लवकर संपत नाहीत. त्यांच्यातल्या शेवटच्याचे डोळे उघडेपर्यंत सगळे थांबतात.