परतीचा आवाज

"पण आप्पा, वेगात कोण पुढे आहे ते तरी ऐकाल की नाही?"

हेरंब सबनीसने हे तिसऱ्यांदा विचारलं. आप्पा गुरव डग्ग्याची वादी ओढून घट्ट करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बार्शीतल्या त्या खोलीत चाळीस वर्षं तबला शिकवला जात होता. वेगाची फुशारकी तिथे कुणी मारली नव्हती. हेरंब येईपर्यंत.

त्याचा हात मात्र खरोखरच वेगवान होता, हे कबूल करायला हवं. त्याचा द्रुत लयीतला रेला ऐकून स्पर्धेच्या परीक्षकांनी पेनं खाली ठेवली होती. ही गोष्ट त्याने आप्पांना चार वेळा सांगितली. चारही वेळा आप्पा म्हणाले, चहा घे.

हेरंबला एकच गोष्ट हवी होती. आप्पांच्या गुरूंच्या पुण्यतिथीला एकल वादनाला बसायचं होतं.

त्या बैठकीची रीत जरा वेगळी होती. पत्रिकेवर वादकाचं नाव छापत नसत. आप्पा उठायचे, श्रोत्यांना हात जोडायचे, "आज मी वाजवणार" एवढंच म्हणायचे आणि खाली बसायचे. मग ज्याला त्यांनी निवडलेलं असे तो शिष्य पुढे येऊन तबल्यावर बसायचा. आप्पांच्या गुरूंनी आप्पांनाही असंच बसवलं होतं. इतक्या वर्षांत आप्पांनी असे तिघेच बसवले. बाकीच्या वर्षी ते स्वतःच वाजवत.

हेरंबला बसायचं तर होतंच, पत्रिकेवर नावही हवं होतं. तसं त्याने सुचवूनही पाहिलं होतं.

"आधी मला इंटरनेट बघून दे," आप्पा म्हणाले होते. "मग बोलू."

इंटरनेट हवं होतं मेश्राम सिस्टरसाठी.

नलिनी मेश्राम बार्शीच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. वयाच्या चाळिशीत तबल्याला हात लावला. हात जड, बोल सुटे पडायला दोन वर्षं गेली, पण पाच वर्षांत एक दिवस चुकवला नाही. मग त्यांची बदली झाली, थेट ब्रह्मपुरीला. संध्याकाळी सात ते आठ, ड्युटी आणि घरचा स्वयंपाक यांच्यामधला तो एक तास त्यांचा स्वतःचा होता.

फोनवर शिकवून पाहिलं. फोनवर डग्ग्याचा घुमारा मरतो, नुसती टकटक उरते. शिकवणी बंद पडली.

तीन महिने झाले होते. आप्पा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फक्त रोज सातला, सिस्टर इथे ज्यावर शिकत त्या तबल्याची गवसणी काढत, त्याच्या चामड्याच्या पुडीवरून हात फिरवत आणि गवसणी परत घालत. ते पाहून कुणालाही वाईट वाटलं असतं. हेरंबलाही वाटलं होतं.

म्हणून त्याने मन लावून काम केलं. तो इंजिनिअर होता. घरचा जुना कॉम्प्युटर, स्पीकर, कॅमेरा आणि चांगला माईक आणून त्याने खोलीत मांडले. गल्लीत इंटरनेट दोन वाटांनी येत होतं. एक टेलिफोनच्या तारेवरून, त्याला डीएसएल म्हणतात. दुसरं टीव्हीच्या केबलवरून. हेरंबने दोन्ही आठ दिवसांच्या बोलीवर बसवून घेतली, मोजमाप केलं आणि कागदावर तक्ता काढला. तो तक्ता आता आप्पांच्या मांडीशेजारी पडला होता.

"टेलिफोनवाल्याचा स्पीड दोन म्हटला, तर केबलवाल्याचा दहा आहे," हेरंब म्हणाला. "यात निवडायचं काय?"

"कवा मोजलंस?"

"दुपारी. दोन वाजता."

"सिस्टर कवा बसत्यात?"

"... सातला."

आप्पांनी वादी शेवटची ओढली, डग्ग्यावर एक घुमारा काढून पाहिला आणि म्हणाले, मग आज सातला केबलवर बसू.

बसले. आप्पांनी तीनताल धरला, विलंबित, ऐसपैस. दुपारी रिकामी असलेली गल्ली सातला घरी परतली होती आणि घरोघरचे कॉम्प्युटर त्या एकाच केबलवर एकदम लागले होते. आप्पांचा ठेका ब्रह्मपुरीला कधी धावत पोचला, कधी रांगत. दोन धिं एकदम यायचे, मग मोठी पोकळी, मग एक चुकार धा.

पलीकडून सिस्टरचा घाबरा आवाज आला. "गुरुजी, सम कुठे गेली जी?"

आप्पांनी हात उचलला.

हेरंबचा चेहरा उतरला, पण माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने कागदावर पुन्हा आकडेमोड केली. संध्याकाळची गर्दी धरूनही सरासरीत केबलच पुढे आहे, असं त्याने दाखवून दिलं. आकडे खरे होते.

"सरासरीवर सम येती व्हय?" आप्पांनी विचारलं.

हेरंबने तक्त्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी टेलिफोनची तार लावायची ठरली. आप्पा म्हणाले, आज ठेका तू धर.

हेरंबला ते लागलं. ठेका? धा धिं धिं धा, तोही विलंबित, एक तासभर? हे तर नवशिके करतात. परीक्षकांनी पेनं खाली ठेवली ती काय यासाठी? पण पुण्यतिथी दहा दिवसांवर आली होती आणि आप्पांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. तो कॅमेऱ्यात बरा दिसेल असा रेशमी कुडता घालून आला.

टेलिफोनची तार बारीक. चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यात मावेनात. सिस्टरचा चेहरा पडद्यावर अर्धा थिजला आणि आवाज तुटायला लागला. चित्रच सगळी जागा खातंय, हेरंबने कबूल केलं.

"मग चित्र काढ."

"आप्पा, मग हात कसे दिसणार?"

"कुनाला दाखवायचेत?"

हेरंबने चित्र बंद केलं. पडदा काळा झाला. कुडत्याकडे आता कुणी बघणार नव्हतं.

त्याने ठेका सुरू केला. चित्र गेल्यावर आवाज मात्र स्वच्छ झाला. तिकडे सिस्टरने कायदा, म्हणजे बोलांची ठरीव रचना, वाजवायला घेतला. ठेका तारेवरून तिकडे जाऊन त्यांचे बोल परत यायचे ते अर्धी मात्रा उशिरा. पण दर वेळी बरोबर अर्धीच मात्रा, कमी नाही, जास्त नाही.

बाई मागे पडल्या, असं हेरंबला वाटलं. त्याने त्यांच्यासाठी लय जराशी ओढून धरली. ठेका रेंगाळला म्हणून त्याही थांबल्या. त्या थांबल्या म्हणून हा आणखी थांबला. दहा मिनिटांत तीनताल चढावरच्या बैलगाडीसारखा झाला.

हेरंबने हात आपटून वादन थांबवलं.

"ही तार आळशी आहे, आप्पा. त्यांचं मागे पडतंय."

"त्यांचं न्हाई. तुझं पडलं."

"मी त्यांच्यासाठी थांबलो."

"का?"

"त्यांचा हात मला मागे ऐकू आला म्हणून..."

आप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठले. माईकशी वाकून त्यांनी सिस्टरला सांगितलं, आता मधे थांबू नका, आठ वाजेपर्यंत ठेका येत राहील. मग त्यांनी कॉम्प्युटरच्या मागे हात घातला आणि स्पीकरची वायर उपटली.

खोली शांत झाली. ब्रह्मपुरी बंद झाली.

"आता वाजव."

"मला काहीच ऐकू येणार नाही."

"सिस्टरला येतंय न्हवं?"

"पण त्या बरोबर वाजवतायत की नाही, मला कसं कळणार?"

आप्पा पाठ करून बसले आणि दुसऱ्या तबल्याची वादी बघू लागले.

हेरंबने ठेका धरला. समोर काळा पडदा. दाद नाही, मान डोलावणारं कुणी नाही, चुकलं असं सांगणारंही कुणी नाही. फक्त आप्पांची पाठ.

पाचव्या आवर्तनात बोटं शिवशिवली. त्याने एक छोटीशी गोंडस जागा घेतली. आप्पांची मान नकारार्थी हलली, तीही न वळता. हेरंब सरळ ठेक्यावर आला.

मग त्याला राग आला. चांगलाच आला. आपल्यासारख्याला भिंतीपुढे बसवून धा धिं धिं धा करायला लावतात... आणि रागाबरोबर लय चढली. ती चढलेली त्याची त्यालाच कळली. आप्पांची मान हलण्याआधी त्याने ती खाली आणली.

तिकडे काय चाललं असेल? तो कान देऊ लागला की हात ढिला पडायचा. कान काढून घेतला की हात पुन्हा जागेवर यायचा. असं किती वेळा झालं, त्याने मोजलं नाही.

हळूहळू त्याच्या डोळ्यांपुढे ती लांबची खोली आली. दवाखान्याचं क्वार्टर. दिवसभर उभ्या राहिलेल्या बाईने मांडी घातली आहे, तिचा जड हात पुडीवर आहे, आणि तिच्यापाशी दुसरं काही नाही, हा एवढा धा आहे. तो ती जिथे वाट बघत असेल तिथेच पडला पाहिजे. आधी नाही, नंतर नाही.

त्यानंतर त्याने वेगळं काही केलं नाही. धा टाकत राहिला.

कुणाचं लक्षही जाणार नाही इतका साधा तो ठेका होता. आणि हेरंबला त्याचा अभिमान वाटत होता. मोठा, छाती भरून येणारा अभिमान. पहिल्यांदाच तो कुणाला सांगावासा वाटला नाही.

आठ वाजले. आप्पांनी बोट वर केलं. हेरंब समेवर थांबला. कुडता पाठीला चिकटला होता.

"केबलवाल्याला उद्या त्याचा मोडेमचा डबा परत घेऊन जायला सांगतो," तो हळूच म्हणाला.

आप्पांनी स्पीकरची वायर जागेवर लावली.

आधी नुसता श्वास ऐकू आला. दमलेला. मग सिस्टर हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज भरून आला. तीन महिन्यांनी आज पुरा कायदा वाजला, त्या म्हणाल्या. एकदाही सम चुकली नाही. सुरुवातीला ठेका डगमगला तेव्हा वाटलं होतं, आता संपलं सगळं, आपल्या नशिबात नाही हे. पण नंतर असा बसला की डोळे मिटून वाजवलं.

"गुरुजी," त्यांनी विचारलं, "नंतरचा ठेका कोणी धरला होता जी?"

हेरंब माईककडे झुकला. नाव त्याच्या ओठांवर आलं होतं...

तो मागे सरला. दोन्ही हात त्याने पुडीवर ठेवले आणि मान खाली घातली.

आप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माईक आपल्याकडे ओढला आणि हात जोडले, समोर कुणी दिसत नसतानाही.

"आज मी वाजवलं, सिस्टर."