पिटकीची हरवलेली ओळ

एक होती उंदराची पोर. नाव पिटकी. आज शेकोटीपाशी गाणं होतं. पहिली ओळ बेडूकमामा म्हणणार. दुसरी ओळ पिटकी म्हणणार. आणि धाकट्या इटुकल्याला शिकवणारही तीच!

तेवढ्यात नाकात गेली धूळ.
आऽऽक्छी!
शिंक आली, ओळ गेली. पार विसरली!
"अगं बाई! आता इटुकल्याला काय शिकवू?"

पिटकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"मामा, मामा, ओळ सांग ना! माझी ओळ सापडेना!"
"डराँव! ओळ सांगायची नसते गं. मी पहिली म्हटली, की दुसरी आपोआप येते. पण माझा गळा गारठलाय. शेकोटी पेटली तर म्हणेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.
"शेकोटी, शेकोटी, पेट ना! मामा म्हणेना, माझी ओळ सापडेना!"
राखेतून शेकोटी बोलली, "काटक्या नाहीत, पेटू कशी? बोरीबाईनं दिल्या तर पेटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.
"बोरीबाई, बोरीबाई, काटक्या दे ना! शेकोटी पेटेना, मामा म्हणेना, माझी ओळ सापडेना!"
"सुकल्या काटक्या वर अडकल्यात गं. वारोबानं हलवलं तर देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.
वारोबा टेकडीआड घोरत होता. घुर्र, घुर्र.
"वारोबा, वारोबा, ये ना! बोरीबाई काटक्या देईना, शेकोटी पेटेना, मामा म्हणेना, माझी ओळ सापडेना!"
वारोबानं एकच डोळा उघडला. "काय पुटपुटतेस? मोठ्ठ्यानं उठवलंस तर येईन."
आणि लागला पुन्हा घोरायला!

पिटकीचा आवाज तो केवढा! ती ओरडली, "चीं!"
वारोबा आपला घुर्र, घुर्र.
पिटकीला रडू आलं. नाक हुळहुळलं. आणि...

आऽऽक्छी!

वारोबा दचकून उठला. सूंऽऽ सूंऽऽ!
बोरीबाई हलली. काटक्या शेकोटीत पडल्या, कडाकड.
शेकोटी पेटली, धडाधड.
पिटकी परत आली, तुरुतुरु. मामाचा गळा शेकला. मामा गायला,
"थंडी थंडी, जातेस कुठं?"
आणि पिटकीच्या तोंडून आपोआप आलं,
"डोंगराच्या पल्याड, लांब तिथं!"
सापडली की हो ओळ! पिटकीनं टाळ्याच पिटल्या.

इटुकला म्हणाला, "ताई, मला सांग ना ती ओळ."
पिटकी म्हणाली, "ओळ सांगायची नसते रे. बस इथं, माझ्याजवळ. मी पहिली म्हणते."
"थंडी थंडी, जातेस कुठं?"
आणि इटुकला म्हणाला,
"दोंगलाच्या पल्याल, लांब तिथं!"