दामोबाच्या टकलावरचा पापड

एकदा काय झालं, एका राज्यातली मुलं जिलब्या खाऊन खाऊन इतकी मऊ झाली, की जिना चढताना तिसऱ्याच पायरीवर बसकण मारायची. राजा घाबरला. त्याने दवंडी पिटवली, "पोरांना नीट जेवायला शिकवेल त्याला चांदीचा झारा!"

दामोबा आचाऱ्याला वाटलं, झारा आपलाच. त्याने तो टांगायला मुदपाकखान्यात खिळासुद्धा ठोकून ठेवला. पण राजाला आवडली येसू माळणीची युक्ती. प्रत्येक पोराला एक गाडगं, थोडी माती, एक बी. ज्याचं त्याने वाढवायचं, ज्याचं त्याने खायचं.

"ही कसली युक्ती? नुसता चिखल!" दामोबा जळला. असा जळला, बरं का, की त्याच्या टकलावर पापड टाकला तर फुलायचा.

मग येसूची पाठ वळताच त्याने टोपलीतलं काकडीचं बी काढलं आणि कारल्याचं घातलं. येसूने बी ओळखलं. गालात हसली आणि तेच पोरांना वाटून टाकलं.

मग वेल चढले. दामोबाने शेळ्या सोडल्या. शेळ्यांनी शेंडे खुडले, तर एकेका वेलाला चार चार फुटवे आले! टकलावर आता भाकरी भाजायला लागली.

मग आला पंगतीचा दिवस. पोरांपुढे ज्याची त्याची कारली. दामोबाने मधोमध जिलब्यांचा डोंगर रचला, पार छताला टेकेल असा. कडू कारलं कोण खातंय!

चिमुरडी बकुळा म्हणाली, "दामोबाकाका, ही कुणी पेरली?"

"जिलबी कुणी पेरतं का गं, वेडे?"

"मग नको. मला माझं कारलं."

"माझं जास्त कडू आहे!" शेजारचा ओरडला.

"हॅट! माझं खाऊन बघ, रडशील!"

कारली फस्त. झारा येसूला. दामोबा रिकाम्या खिळ्याखाली बसून राहिला, डोक्यातून धूर.

येसू आली. "दादा, एक बी उरलंय. तुमचंच आहे, घ्या."

दामोबा ओशाळला. कुरकुरत पेरलं. दोन कारली आली, बोटभर, वाकडी. राजाने चवीला मागितलं, तर म्हणतो कसा, "महाराज, माझी मान मागा, हे नाही." एक त्याने एकट्याने खाल्लं. दुसरं पिकू दिलं, आणि त्याच्या बियांची पुरचुंडी त्या खिळ्याला टांगली.

तेव्हापासून टक्कल गारेगार. पोरं जिने पळत चढतात, सगळे मजेत आहेत. फक्त पापड पुन्हा चुलीवर भाजावे लागतात. मिटा बघू डोळे आता.